घड्याळवाल्यांची चादर

चौकापलीकडच्या लाँड्रीत कपडे टाकायला गेलं की एक गोष्ट लक्षात येते. बाकीचे लाँड्रीवाले गाठोडं गिऱ्हाइकासमोरच सोडतात, एकेक कपडा झटकतात, डाग दाखवतात आणि "हा निघणार नाही हं" म्हणून आधीच हात वर करतात. इथल्या ताई तसं करत नाहीत. त्या बांधलेलं गाठोडं तसंच उचलतात, पडद्याआड नेतात आणि मोजून परत येतात. कोणी म्हणालं, "अहो, इथेच मोजा की," तर म्हणतात, "असू दे. आत उजेड बरा आहे." आत उजेड मुळीच बरा नाही. एक पिवळा दिवा आहे आणि वाफेने त्याची काच कायम धुरकटलेली असते.

ताईंना ही सवय शाळेत असताना लागली.

लाँड्री तेव्हा त्यांच्या आईवडिलांची होती. खाली दुकान, वर दोन खोल्या. मागे फरशीची मोठी मोरी आणि दोन मशिनं, त्यातलं एक सुरू झालं की वरच्या मजल्यावरची भांडी किणकिणायची. वडील इस्त्री करायचे. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. बोलणं फारसं नाही. आई धुणंही बघायची आणि गिऱ्हाइकंही, आणि दोन्हीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. वर घरात जायचा जिना दुकानातूनच होता. त्यामुळे मुलगी शाळेला निघायची ती वाफेतूनच. तिच्या केसांना, दप्तराला, स्वेटरला साबणाचा आणि ओल्या कापडाचा वास असायचा. तिला तो कळायचा नाही. आपल्या घराचा वास आपल्याला कधी येत नाही. वर्गाला यायचा.

गंमत अशी की आख्ख्या वस्तीचे कपडे कडक इस्त्रीचे आणि हिचा युनिफॉर्म मात्र कायम चुरगळलेला. घरच्या कपड्यांचा नंबर गिऱ्हाइकांचे संपल्यावर, आणि गिऱ्हाइकांचे कधी संपायचेच नाहीत. त्यावरून तिला वर्गात नाव पडलं होतं, सुरकुती.

नाव ठेवलं होतं कॅप्टनने. कॅप्टन म्हणजे सातवीच्या रिले टीमची कॅप्टन. उंच, काटक, पळायला लागली की मैदानाच्या कडेला उभे असलेले सरसुद्धा बोलायचे थांबायचे. जीभही पायांइतकीच तेज. तिच्या मागेमागे एक मुलगा असायचा, कोणाचीही हुबेहूब नक्कल करायचा म्हणून त्याला सगळे पोपट म्हणायचे. कॅप्टन बोलायची आणि पोपट ते करून दाखवायचा. वर्ग हसायचा.

सुरकुती दारात आली की कॅप्टन म्हणायची, "ए, खिडक्या उघडा रे, धुणं आलं." सगळे नाकं धरायचे. एकदा तिच्या पाठीवर शाई सांडली. "रडतेस काय? तुमच्या घरी फुकट धुऊन मिळतं ना?" एकदा तिच्या बाकावर बाटलीभर पाणी ओतून ठेवलं. ती बसली आणि स्कर्ट भिजला, तेव्हा कॅप्टन म्हणाली, "तुला काय, ओल्याची सवयच असेल." त्या दिवशी ती तशाच ओल्या स्कर्टने शेवटच्या तासापर्यंत बसून राहिली, कारण उठली असती तर सगळ्यांना दिसलं असतं.

बाईंना सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, "लक्ष देऊ नकोस गं, आपोआप थांबेल." घरी सांगितलं. आई म्हणाली, "उत्तर दे की. तुला तोंड नाही का?" मग थोडा विचार करून म्हणाली, "पण तोंड सांभाळून."

आता कॅप्टनच्या वडिलांविषयी. त्यांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं, दुकान कसलं, भिंतीतलं कपाटच. समोर काचेची पेटी, मागे ते, एका डोळ्याला भिंग लावलेले. सगळे त्यांना घड्याळवाले काका म्हणायचे. बायको काही वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती. त्यांची म्हातारी आई पोरीला सांभाळायची, पण तीही गुडघ्यांनी हैराण झाली आणि धाकट्या मुलाकडे राहायला गेली, दूर, दुसऱ्या गावी. जाताना लाँड्रीत येऊन आपली शाल स्वतः घेऊन गेली होती आणि सुरकुतीच्या आईला म्हणाली होती, "पोरीकडे जरा लक्ष असू द्या."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी घड्याळवाले काका सकाळी सकाळी, दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं असताना यायला लागले. हातात पिशवी. पिशवीत घट्ट गुंडाळलेली चादर. "आईचं जरा... म्हातारं माणूस, कळत नाही," ते म्हणायचे आणि नजर काउंटरवर ठेवायचे.

आजी इथे नाहीत हे आईला पक्कं ठाऊक होतं. तरी ती दर वेळी पिशवी घेताना विचारायची, "आजींना बरं आहे ना?"

"बरं आहे, बरं आहे."

"सांगा विचारलं म्हणून."

"सांगतो, वहिनी."

चादरीबरोबर कधी कधी एक लहान पायजमा यायचा, त्यावर सशांची चित्रं. आई तो चादरीतच गुंडाळलेला ठेवायची, वेगळ्या बादलीत स्वतः भिजवायची आणि दोन्हींची एकात एक घडी घालून कागदात बांधून द्यायची. हाताखालच्या बाईलाही त्या पिशवीला हात लावू द्यायची नाही. मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून बूट घालताना हे सगळं बघायची. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायला कशाला हवं? तो पायजमा कोणाच्या मापाचा आहे हे लाँड्रीवाल्यांच्या मुलीला दुरूनही कळतं.

तिने ते मनात ठेवलं. खरं तर बरेच दिवस तिला त्याबद्दल कॅप्टनची थोडी दयाच यायची. मग ती शाळेत जायची आणि कॅप्टन म्हणायची, "धुणं आलं."

एके दिवशी मधल्या सुट्टीत कॅप्टनने नवीन खेळ काढला. तिने पोपटाला बाकावर उभं केलं. पोपटाने स्वतःचा मोजा काढला, डोळे मिटून हुंगला आणि सुरकुतीच्या आईच्या आवाजात, अगदी तिच्या बोलण्यातला तो लांबवलेला शब्द उचलून म्हणाला, "हाऽऽ, हा तर जोरात पळणाऱ्याचा!" मग दुसरा मोजा. "आणि हाऽऽ, हा हेडमास्तरांचा!"

"हिची आई रोज हेच करते," कॅप्टन म्हणाली. "लोकांची घाण हुंगायची आणि पोट भरायचं."

वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरची चष्मिशसुद्धा हसली, जी एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात.

सुरकुती उभी राहिली. तिचा आवाज थरथरला नाही, याचंच तिला पुढे आयुष्यभर नवल वाटलं.

"मोज्यांचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण तुझी चादर आम्ही ओळखतो."

कॅप्टनचं हसू जागच्या जागी थांबलं.

"सकाळी सकाळी लपवून आणतात ना तुझे बाबा? आणि तो सशांचा पायजमा."

"म्हणजे काय गं?" कोणीतरी विचारलं.

इथेही ती थांबू शकली असती. वर्गाला अजून काही कळलं नव्हतं. कॅप्टनला कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. कॅप्टनने तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, विनवणी होती. सुरकुतीने ती स्पष्ट बघितली. बघितली आणि बोलली.

"म्हणजे ही सातवीत आहे आणि अजून अंथरुणात करते."

सगळ्यात आधी हसला पोपट. कॅप्टनचाच पोपट, पायांत मोजे नसलेला, बाकावर उभा. कॅप्टनने नुसतं "खोटं आहे" म्हटलं असतं तरी वर्गाने तिच्यावरच विश्वास ठेवला असता. पण तिला ते सुचलं नाही. तिची मान लाल झाली, ती दाराकडे बघायला लागली आणि मग चालत बाहेर गेली. पळाली नाही. शाळेतली सगळ्यात वेगवान मुलगी चालत गेली.

त्या दिवसापासून सुरकुतीचे दिवस पालटले. दुसऱ्या बाकावर तिच्यासाठी जागा झाली. डब्याला बोलावणं येऊ लागलं. "काय धाडस गं तुझं!" "बरं झालं, फार चढली होती." नाकं धरणं बंद झालं. वास तोच होता, पण आता कोणाला येत नव्हता. मुली तिच्या खांद्यावर हात टाकून चालायच्या आणि ती घरी येऊन आरशात त्या खांद्याकडे बघायची. तिला आनंद झाला होता. खूप झाला होता. पुढे कित्येक वर्षांनी आठवण आली की तिला सगळ्यात जास्त लाज त्या आनंदाचीच वाटायची.

पण नवी जागा राखायची तर काहीतरी द्यावं लागतं. "आणखी कोणाचं काय माहीत आहे गं?" मुली विचारायच्या. पहिल्यांदा ती "काही नाही" म्हणाली, तर गप्पा दुसरीकडे वळल्या आणि तिच्याकडे पाठी झाल्या. मग ती म्हणाली, "गणिताच्या सरांच्या बनियनला ठिगळं आहेत. पुढून तीन, मागून मोजायची सोय नाही." केवढा हशा झाला! त्या तासाला सर फळ्याकडे वळले की वर्ग खुसखुसायचा आणि सर पुन्हा पुन्हा आपली पाठ चाचपायचे, खडू लागलाय की काय म्हणून. ती मान खाली घालून वहीत रेघोट्या मारत राहिली.

त्याच आठवड्यात घड्याळवाले काका लाँड्रीत आले. सकाळी नाही. भर दुपारी, दुकानात चार माणसं उभी असताना. त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "वहिनी, ती चादर द्या."

"अहो, अजून मशिनमधून काढलीसुद्धा नाही. ओली आहे. आजींना तोवर दुसरी..."

"राहू द्या आता," काका हळूच म्हणाले. "सगळ्यांना माहीत झालंय. पोरगी शाळेत जायला तयार नाही."

आईला काही कळेना. "काय माहीत झालंय?"

काकांनी जिन्याकडे बघितलं. तिथे शाळेतून नुकतीच आलेली मुलगी दप्तर घेऊन उभी होती. ते तिला काही बोलले नाहीत. "असू द्या. पोरं आहेत. घरात बोलणं होतंच," ते आईला म्हणाले. "मीच तुमच्यावर हे ओझं टाकायला नको होतं."

आईने मशिन थांबवलं आणि चादर पिळून दिली. पिशवी आणली नव्हती. त्यांनी ती तशीच खांद्यावर टाकली आणि निघाले. रस्त्यावर त्यांच्या मागे पाण्याची धार उमटत गेली. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. वडिलांनी इस्त्री उभी करून ठेवली.

आई ओरडली नाही. मारलं तर नाहीच. गिऱ्हाइकं गेल्यावर ती काउंटरवरच बसली, तिथे ती कधी बसत नसे.

"त्यांना वाटतंय मी सांगितलं," ती म्हणाली. "घरात बसून, चहा पिता पिता, मी लेकीला गंमत म्हणून सांगितलं."

"आई, ती तुझ्याबद्दल बोलली. मोजे हुंगतेस म्हणाली."

"मग? हुंगते की. हुंगल्याशिवाय कुठला साबण लावायचा ते कसं कळणार?" आईचा आवाज इथे पहिल्यांदा कापला. "लोक आपल्या हातात मळ देतात तो भरवशाने. तो पाण्यात सोडायचा असतो बाळा. तोंडात धरायचा नसतो."

मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिक्षा झाली असती तर बरं, असं तिला वाटलं. शिक्षा भोगून तरी संपते.

आठवडाभराने शाळा सुटल्यावर ती घड्याळाच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली. काका पेटीवर वाकलेले होते. त्यांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, साबणाने पडतात तशा. चिमट्यात धरलेला बारीक स्क्रू निसटला, त्यांनी शोधला, पुन्हा धरला, पुन्हा निसटला.

"काका, आईने काही सांगितलं नाही. मीच बघितलं आणि मीच बोलले."

"बरं," काका म्हणाले. मान वर केली नाही.

"आईला खरंच काही माहीत नव्हतं मी बोलले ते."

"बरं, बाळ. जा घरी. उशीर होईल."

त्यांनी विश्वास ठेवला की नाही हे तिला कधीच कळलं नाही.

दुकानाच्या वरच त्यांचं घर होतं. ती जिना चढून गेली. दार कॅप्टनने उघडलं. घरात तीच एकटी होती. खिडकीच्या गजांवर चादर वाळत घातली होती, नीट पिळलेली नव्हती आणि खाली फरशीवर थेंब पडत होते. कॅप्टन घरच्या साध्या फ्रॉकमध्ये होती आणि शाळेत दिसायची त्याहून खूपच लहान दिसत होती.

"काय बघायला आलीस?"

"माफी मागायला."

"कशाची? खोटं थोडंच बोललीस तू."

 सुरकुती चाचरत म्हणाली, "तू मला रोज छळायचीस."

"हो. छळायचे." कॅप्टनने ते लगेच कबूल केलं, जसं काही ते कधीच लपवायचं नव्हतं. "पण शाळा सुटली की तू सुटायचीस. मी कधी तुझ्या घरात आले? तू माझ्या घरात आलीस. बाबांना पिळता येत नाही. ते सकाळी मोरीत बसून धुतात आणि मी झोपेचं सोंग घेते."

आणि तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही.

कॅप्टन दोन-तीन दिवसांनी शाळेत आली आणि शेवटच्या बाकावर बसली. रिलेच्या सरावाला गेली नाही. तिच्या बाकाजवळून जाताना पोपट "टप, टप, टप" असा आवाज काढायचा, इतका हुबेहूब की बाईंनी एकदा वर छताकडे बघितलं. सुरकुती रोज ठरवायची की आज बोलायचं आणि रोज तोंड उघडायच्या आधीच तास सुरू व्हायचा. निदान ती स्वतःला तसं सांगायची.

मग सहलीचं निघालं. मुक्कामाची सहल होती. बाई नावं विचारत होत्या. कॅप्टनचं नाव आलं तसा पोपट म्हणाला, "बाई, तिला वेगळा तंबू लागेल. पोहायची सोय असलेला." सगळा वर्ग हसला. बाईंनी हसू दाबायला ओठ चावले. आणि सुरकुतीही हसली. दोन्ही बाजूंनी मुली हसत होत्या, त्यांचे खांदे तिच्या खांद्यांना लागत होते, आणि ते हसू तिच्यातही शिरलं. हसता हसता तिने मागे बघितलं. कॅप्टन नेमकी तिच्याचकडे बघत होती. पोपटाकडे नाही. तिच्याकडे.

"मी येणार नाहीये, बाई," कॅप्टन म्हणाली.

सुरकुती उभी राहिली. या वेळी आवाज थरथरला.

"बाई, मला सांगायचंय. ती चादर तिची नव्हती."

बाईंनी वहीतून मान वर केली.

"माझी होती. मी... मला होतं अजून. तिला कळलं होतं म्हणून ती मला चिडवायची. मग मी तिचंच नाव घेतलं. तिच्या बाबांच्या पिशवीत त्यांच्या आईची शाल असायची."

हे सगळं खोटं होतं आणि घाईत रचलेलं होतं. जरा विचार केला असता तर कोणालाही त्याच्या शिवणी दिसल्या असत्या. पण विचार कोण करतंय? हसायला नवीन माणूस मिळालं होतं. पोपटाने क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि मग तोंडाने "टप, टप" सुरू केलं, या वेळी तिच्या दिशेने. शेजारची मुलगी बाकावर थोडी सरकली. "शी!" ती म्हणाली. "आणि आम्ही तुझ्या डब्यात खायचो!"

बाईंनी तिला बाहेर नेलं, पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. ती "हो बाई" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावर कोणी नव्हतं. नाव मात्र सुरकुती राहिलं नाही, त्याहून वाईट पडलं. ते ताई आजही सांगत नाहीत. तिला वाटलं होतं, खोटं बोलून हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. घेतलेलं परत करताना कोणी शाबासकी देत नाही, आणि द्यावी असं तिलाही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात चष्मिश आपलं दप्तर घेऊन तिच्या बाकावर येऊन बसली.  मधल्या सुट्टीत चष्मा पुसता पुसता, तिच्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या भावाला अजून होतं. नववीत आहे तो. आई त्याला रागावते. तुला डॉक्टरांनी काही सांगितलं तर मला सांगशील?"

सुरकुतीचे कान गरम झाले. जगात कोणाला गुपित सांगू नये असं कोणी असेल, तर ती स्वतःच होती. आणि नेमकं तिलाच सांगितलं जात होतं, तेही तिच्या खोट्याच्या भरवशावर.

"सांगेन," ती म्हणाली. "आणि आईला म्हणावं, रागावू नका. गार पाण्यात आधी भिजवायचं, मग वास राहत नाही." एवढंच तिला खरं सांगता येण्यासारखं होतं. चष्मिशच्या भावाची गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. आईलासुद्धा.

कॅप्टन रिलेच्या सरावाला परत जायला लागली. पोपट पुन्हा तिच्या मागे फिरू बघत होता, पण तिने त्याला उभं केलं नाही. एकदा टीममधली एक मुलगी आजारी पडली आणि सरांनी विचारलं, कोणाला घ्यायचं? कॅप्टनने मैदानाच्या कडेला बसलेल्या घोळक्याकडे बघितलं आणि लाँड्रीवाल्यांच्या मुलीला हाक मारली. सुरकुती म्हणून नाही, त्या नव्या नावानेही नाही. हजेरीच्या वहीत होतं त्या नावाने. वर्गात आजवर त्या नावाने तिला फक्त बाई हाक मारायच्या.

ती पळायला बेताचीच होती. तिच्या हातून दांडा पडला आणि टीम हरली. कॅप्टन सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडली, "हात मागे ठेवायचा असतो, अक्कल कुठे गेली?" बाकीच्या दोघींनाही तसंच झापलं. मग पाण्याची बाटली फिरली. पहिली प्याली, दुसरी प्याली आणि मग कोणी न पुसताच बाटली तिच्याकडे आली. टीममध्ये ती वर्ष संपेपर्यंत राहिली. पण कॅप्टन तिच्याशी सरावाशिवाय एक अक्षर बोलली नाही. मैत्रीण झाली नाही. चादरीचा विषय दोघींमध्ये पुन्हा कधीच निघाला नाही.

घड्याळवाल्या काकांनी लाँड्रीत पुन्हा कपडे टाकले नाहीत. गणिताच्या सरांनीही टाकले नाहीत. त्यांच्या कानावर नेमकं काय गेलं होतं कोण जाणे. आई वाट बघायची. सकाळी शटर वर करताना ती ते अर्ध्यावर थोडा वेळ थांबवायची, मग पूर्ण उघडायची.

मुलगी मोठी झाली, दुकान तिच्याकडे आलं, लग्न झालं. नवरा बस चालवतो, मनमोकळा माणूस. गेल्या वर्षी शाळेतल्या जुन्या वर्गाने एकत्र जमायचं ठरवलं, तेव्हा तो हट्टाने बरोबर गेला. हॉलमध्ये जेवणं झाली आणि पोपट उभा राहिला. तो आता विमा एजंट आहे, पोट सुटलंय, पण आवाज तसाच. त्याने सगळ्या शिक्षकांच्या नकला केल्या. मग ताईंकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि ही आमची शूर बाई! भर वर्गात कबूल केलं हिने, अंथरूण ओलं करते म्हणून! आहे कोणात एवढी हिंमत?" सगळे प्रेमाने हसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. चष्मिशने त्यांचा हात दाबला.

कॅप्टन समोरच्या टेबलावर होती. ती आता मुलांना धावायला शिकवते. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती खाली बघत ताटातलं उरलेलं एका बाजूला सारत राहिली.

घरी परतताना नवरा म्हणाला, "अगं, यात काय लाजायचं? लहान मुलांना होतंच. उलट तू तर कमाल केलीस."

 घरी पोचल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ताईंनी त्याला सगळं सांगितलं. चादर, ससे, काकांच्या खांद्यावरून ठिबकणारं पाणी, सगळं. टाळ्या मिळाल्या त्या कशावर, हेही. तो ऐकत राहिला. त्याच्या हातातला पेला रिकामा होता, तरी त्याने तो खाली ठेवला नाही.

"आणि ते घड्याळवाले काका?" शेवटी त्याने विचारलं. "आहेत का अजून?"

"आहेत. थकलेत. संध्याकाळी आपल्याच रस्त्याने फिरायला जातात."

"मग? ओळख दाखवत नाहीत?"

"दाखवतात ना," ताई म्हणाल्या. "रोज थांबतात, 'कसं काय, बाळ?' म्हणून विचारतात. मला वर बघवत नाही."